पाच वर्षं फौज, सत्तर वर्षं रान

आबा गेले त्या आठवड्यात गावच्या वेशीत फ्लेक्स लागला. तिरंगा, तोफ, डोंगर चढणारे जवान आणि मधोमध आबांचा गणवेशातला तरुणपणीचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात ‘दुसऱ्या महायुद्धातील वीर योद्धा’. दहाव्याला जेवढे बोलले तेवढे सगळे त्यांच्या लढाईवर बोलले. माजी सैनिक संघटनेचे लोक लांबून आले होते, तालुक्याचे अधिकारी आले होते. त्यांनी केलेल्या सन्मानाने आमची घरातली माणसं भारावून गेली. मीही गेलो. तरी मनात एक गोष्ट अडकून राहिली. आबांचा जन्म १९२२चा आणि मृत्यू २०१९चा. एवढ्या आयुष्यातली पाच वर्षं त्यांनी फौजेत काढली. उरलेली सत्तरहून जास्त वर्षं ते एकाच रानात, एकाच विहिरीवर राबले. त्या वर्षांबद्दल त्या दिवशी कुणीच चार शब्द बोललं नाही. ते मला बोलायचे आहेत.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, येरळेच्या खोऱ्यातलं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कड्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, पूर्वेला, आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तर लोक म्हणतात, औंदा बरं झालं. ढग सह्याद्रीवर रिकामे होऊनच इकडे येतात. मृगात बाजरी, मटकी, हुलगा पेरायचा आणि तो हाती लागेलच असं धरायचं नाही. खरी भिस्त शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायचा आणि पुढे दवावर, जमिनीतल्या ओलीवर वाढवायचा. खटाव-माणमधून इतकी पोरं पलटणीत का गेली, याचं उत्तर शौर्याच्या परंपरेत शोधणारे शोधोत. आबांचं उत्तर सरळ होतं. “घरात खाणारी तोंडं नऊ, आन रान दुसऱ्याचं. मनिऑर्डर येतीय म्हटल्यावर कोण ऱ्हाईल?”

रान खरंच दुसऱ्याचं होतं. पणजोबा एका सावकाराचं कूळ होते. पिकेल त्यातलं निम्मं मालकाच्या वाड्यावर पोचवायचं. १९४१ साली आबा भरती झाले, बेळगावला मराठा सेंटरमध्ये त्यांचं प्रशिक्षण झालं आणि ते मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. ही पलटण १७६८ची. इराक, इराण करत ती आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३मध्ये इटलीच्या तारांतो बंदरात उतरली.

मी लहानपणी लढाईच्या गोष्टी मागायचो आणि ते मला बैलांच्या गोष्टी सांगायचे. तेव्हा मी हिरमुसायचो. आता वाटतं, त्यांच्यासारखी इटली फार थोड्यांनी पाहिली असेल. तोस्कानातले पांढरे बैल त्यांच्या डोळ्यांसमोरून शेवटपर्यंत गेले नाहीत. “खिलारासारकंच पांढरं, पर अंगानं दीडपट. शिंगं मातुर बारकी. आन चाल संथ, खिलाराची चपळाई न्हाई त्याला.” ती कियानिना जात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जगातल्या सगळ्यात थोराड गुरांमध्ये तिची गणना होते. रानात द्राक्षाचे वेल मांडवावर नसून झाडांवर चढवलेले असत आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात गहू असे, हेही त्यांनीच सांगितलं. एकाच रानातून द्राक्ष, लाकूड, चारा आणि धान्य काढायची ती तिथली जुनी रीत होती. आबांनी ती बघून मनात नोंदवून ठेवली, आमच्याकडे बांधावरच्या बाभळीखाली काय येईल याचा विचार करत.

आणि एक गोष्ट त्यांना फार लागली होती. कुठल्याशा वस्तीवर मुक्काम असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी खाणाखुणांनी बोलणं झालं. त्याने जमिनीवर काठीने एक चौकोन काढला, मधोमध रेघ मारली, एका भागाकडे बोट दाखवून टेकडीवरच्या मोठ्या घराकडे हात केला. आबांना दुभाष्याची गरज पडली नाही. “त्येंचंबी निम्म्यानंच हुतं.” त्या काळी मध्य इटलीत बहुतेक शेती अशीच निम्म्या वाट्याची होती. सातासमुद्रापार गेलेल्या कुळाच्या पोराला तिथेही कूळच भेटलं.

१९४४च्या उन्हाळ्यात पलटण फ्लोरेन्सच्या दक्षिणेला पोचली. तिथे मोंतेगुफोनीच्या गढीत फ्लोरेन्सच्या संग्रहालयांतली शेकडो चित्रं बॉम्बहल्ल्यापासून वाचवायला आणून ठेवलेली होती. बोत्तिचेल्लीचं जगप्रसिद्ध ‘वसंत’ त्यांत होतं. मराठ्यांच्या पलटणीतल्या जवानांनी तिथे पहारा दिला. मी आबांना पुस्तकातलं ते चित्र दाखवलं तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं. हे बघितलेलं आठवतं का, विचारलं. ते म्हणाले, चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली, साहेबांनी सांगितलेलं की हात लावायचा नाही. मग त्यांनी चित्रातल्या झाडांवर बोट ठेवलं. “ही संत्र्याची हायती. असली झाडं हुती तिकडं.” ती संत्र्याचीच आहेत.

लढाईचं ते थोडं बोलायचे आणि जे बोलायचे ते जमिनीबद्दलच असायचं. माघार घेणाऱ्या जर्मनांनी पूल उडवले, गुरं हाकून नेली आणि रानांत सुरुंग पेरले. पेरणीचे दिवस जवळ आले आणि शेतकरी बांधावर उभे राहून स्वतःच्या रानाकडे नुसते बघत आहेत, पाऊल टाकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. माझ्याजवळ त्यांनी माणसं मेल्याचं वर्णन कधी केलं नाही. या उभ्या शेतकऱ्यांचं मात्र अनेकदा केलं.

९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर त्यांच्या पलटणीने हल्ला चढवला. नदीला दोन्ही अंगांनी उंच मातीचे बांध, बांधात पोखरलेल्या खंदकांत मशिनगन. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव तिथे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे जवान होते. भोवतालची माणसं पडलेली असताना त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन तीन मशिनगनच्या चौक्या गारद केल्या आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत कंपनीला पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा त्याच दिवशी त्याच नदीत होते. स्वतःबद्दल ते एवढंच सांगायचे की पाणी लई गार हुतं.

इटलीत पन्नास हजारांवर भारतीय जवान लढले, ५,७८२ परतले नाहीत. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात एक स्मारक आहे. ज्यांना तिथे अग्नी दिला गेला अशा पाचशेहून जास्त भारतीय जवानांची नावं त्यावर आहेत. आबांचा एक जोडीदार सांग्रोच्या लढाईतच गेला. डोंगराच्या पलीकडच्या गावचा, बेळगावला शेजारच्या खाटेवर झोपणारा. परत आल्यावर पहिल्याच रब्बीत आबा बैलजोडी आणि पाभर घेऊन त्याच्या गावी गेले आणि त्याच्या आईचं दीड एकर रान पेरून आले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. ती म्हातारी असेपर्यंत दर वर्षी गेले. स्वतःच्या रानाचा वाफसा निघून चालला तरी आधी तिकडचं. आजी यावरून कधी कुरकुरली नाही. उलट भाकरी बांधून देताना त्या म्हातारीसाठी वेगळी चटणी ठेवायची, असं काकी सांगते. आबांना मिळालेल्या पदकांत लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा इटली स्टार आहे. मला त्या पदकाहून हे दीड एकर मोठं वाटतं.

आबा फौजेत असताना साताऱ्यात काय चाललं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ९ सप्टेंबर १९४२ला वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या पुढाकाराने मोर्चा गेला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. नऊजण हुतात्मा झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६पर्यंत या भागात इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला. आबांचा चुलतभाऊ त्या मोर्चात होता, पुढे भूमिगतांना भाकरी पोचवायचा. एकाच घरातला एक भाऊ इंग्रजांच्या पलटणीत आणि दुसरा इंग्रजांविरुद्ध. १९४६ साली आबा घरी परतले तेव्हा पारावर काहीजणांनी तोंड फिरवलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते चूक नव्हते, ज्या गावाने गोळीबार बघितला त्याच्या मनात गणवेशाबद्दल प्रेम कुठून येणार? आबांनी कुणालाही समजावायचा प्रयत्न केला नाही. गणवेश धुऊन ट्रंकेत टाकला आणि चुलतभावाबरोबर सावड धरली. एक बैल याचा, एक त्याचा. आठ दिवस याच्या रानात, आठ दिवस त्याच्या. ती जोडी पंचवीस वर्षं टिकली. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली तेव्हा चुलतभावाची कागदपत्रं घेऊन साताऱ्याला हेलपाटे आबांनीच घातले. त्यांना स्वतःला पेन्शन नव्हती. शिपायाच्या पेन्शनला पंधरा वर्षं नोकरी लागते आणि युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या जवानांची तेवढी कुठून भरणार? म्हातारपणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत राज्य सरकारचं महिन्याचं अनुदान सुरू झालं, तेवढंच.

फौजेतून सुटताना मिळालेल्या पैशांचं काय केलं, तर विहीर. आणि तीही मालकाच्या जमिनीत. सगळ्यांनी वेड्यात काढलं. उद्या मालकाने रान काढून घेतलं तर? आबांचं म्हणणं, पाणी लागल्यावर रान पिकतंय का बघू, मग मालकाचं बघू. चौथ्या परसाला, म्हणजे चार पुरुष खोलीवर, काळा खडक लागला. तिथून पुढे पहार, सुतकी आणि सुरुंग. सातव्या परसाला पाझर फुटला. मोट जोडली. आजी थारोळ्यावर उभी राहून पाणी वळवायची आणि आबा धावेवर बैल हाकायचे. मागेपुढे चालून चालून त्या धावेची जमीन अशी घट्ट झाली की मोट बंद होऊन इंजिन आल्यावरही तिथे पुष्कळ वर्षं गवत उगवलं नाही.

मग कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. त्या कायद्याच्या ३२-ग कलमाच्या चौकशीला आबा मामलेदार कचेरीत गेले, किंमत ठरली, ती हप्त्यांनी फेडली. शेवटचा हप्ता भरून आलेल्या दिवशी त्यांनी काय केलं हे मी विचारलं होतं. खूप काही सांगतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, वाटेत वैरण घेतली, घरी आलो, जनावरं सोडली. आज सातबाऱ्यावर आमची नावं लागली आहेत ती त्या सोळा एकरांची आहेत. इटलीतल्या त्या म्हाताऱ्याने काठीने काढलेली मधली रेघ आमच्या रानातून अशी पुसली गेली. माझ्या मते आबांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय तो होता, आणि त्याचं पदक कुणी देत नाही.

आता वह्यांबद्दल. आबा चौथीच्या आतच शाळेतून काढले गेले होते. लिहा-वाचायला शिकले ते पलटणीत आणि तिथे जवानांना रोमन लिपीत हिंदुस्तानी शिकवत. त्यामुळे त्यांचं अक्षरज्ञान रोमनच राहिलं. देवनागरी ते अडखळत वाचायचे, लिहायला टाळायचे. १९४७पासून त्यांनी शेतीच्या वह्या ठेवल्या, त्या साहेबाच्या लिपीत आणि आमच्या बोलीत. नक्षत्र, वाहन, पाऊस पडला का, किती पडला. बांधावरच्या दगडी उखळात साठलेलं पाणी ते बोटाच्या पेरांनी मोजायचे. आज बाजरी कोळपली. गाईला वळू दाखवला. मालदांडीचं बी अमक्याला चार पायल्या दिलं. बी ठेवायचं कशात, तर पलटणीतून आणलेल्या काळ्या लोखंडी ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून, कारण उंदराला लोखंड कुरतडता येत नाही. गणवेश आणि पदकं पुढे फडताळात गेली, ट्रंक बियाण्याची झाली.

सगळ्यात दाट लिहिलेल्या वह्या १९७२ आणि ७३च्या आहेत. दुष्काळ. पानामागून पान ‘पाऊस नाही’. हस्त कोरडा, चित्रा कोरडी. शाळू पेरलाच नाही. जानेवारीत खिलार जोडी विकली त्या दिवशी फक्त रक्कम लिहिली आहे, खाली काही नाही आणि पुढचे तीन दिवस कोरे. मग दुष्काळी काम सुरू झाल्याची नोंद. गावाच्या वरच्या डोंगराला नालाबंडिंग, म्हणजे ओढ्यांना बांध घालायचं काम निघालं. मे १९७३मध्ये राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घरं जगली. फौजेतला म्हणून आबांना मुकादम केलं. आजीही त्याच कामावर पाट्या उचलायला होती आणि आबांच्या हजेरीपटात तिचा एक अर्धा खाडा आहे. ताप आला म्हणून ती अर्ध्या दिवसात घरी गेली होती. नवऱ्याने अर्धाच दिवस लावला. आजी हे पुढे हसत सांगायची, पण त्या आठवड्याला हातात पैसे कमी आले होते, तेव्हा हसली नसेल. हजेरीत खोटी नावं घालण्याविषयी त्यांच्यावर दबाव आला, तोही आलेला त्यांनी लिहून ठेवलाय. कुणाचा, ते लिहिलं नाही. पुढच्या ओळीत ‘नाही म्हटलं’ एवढंच आहे.

त्याच वह्यांत प्रत्येक बांधाचं मोजमाप आहे. ओढ्याचं नाव, खालून कितवा बांध, लांबी किती हात, पाया किती खोल, पिचिंगला, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवायला, दगड कुठून आणला. हे मोजमाप त्यांना कुणी मागितलं नव्हतं, सरकारी मोजणी वेगळी व्हायची. पलटणीत रोजचं रोज टिपायची सवय लागली होती, तीच रानात उतरली.

या वहीचा उपयोग पंचेचाळीस वर्षांनी झाला. २०१८ला आमचं गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत उतरलं. ८ एप्रिल ते २२ मे, भर उन्हात श्रमदान. पुण्या-मुंबईला कामाला असलेली पोरं रजा काढून आली, मीही आलो. डोंगरउतारावर सलग समतल चर काढायचे, ओढ्यांना मातीचे बांध घालायचे ठरलं. आबा तेव्हा शहाण्णव वर्षांचे. खुर्चीत बसवून त्यांना पायथ्याशी नेलं. नकाशे बघून पोरं ओढ्याला नवा बांध कुठे घ्यायचा ते ठरवत होती. आबा म्हणाले, नवा कशाला, तिसरा जुना हाय तिथंच, गाळात बुजलाय. कुणाला तो माहीत नव्हता. वरून सपाट माळ दिसत होता, त्यावर घाणेरीची झुडपं माजली होती. मी वही आणली, ती वाचून दाखवायला लागलो आणि ते बरोबर का चूक ते सांगायला लागले. वहीतल्या हातांनी अंतर मोजलं, खणलं आणि कमरेएवढ्या गाळाखाली ७३चं पिचिंग निघालं. एकाला एक धरून बसवलेले दगड. त्या दिवशी आणखी दोन सापडले. गाळ काढून तो रानांत पसरला आणि जुनेच बांध उघडे केले. ज्यांच्या आज्यांनी तिथे पाट्या उचलल्या होत्या ती पोरं त्याच दगडांवर उभी होती. बक्षीस आम्हाला मिळालं नाही. त्या वर्षी राज्यात पहिला नंबर शेजारच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला आणि आमच्या गावानेही त्याचा आनंद केला.

त्या साली पाऊसही आला नाही. बांध कोरडे राहिले, पुढच्या उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या लागल्या आणि त्याच उन्हाळ्यात आबा गेले. शेवटच्या महिन्यात ते भ्रमात असायचे आणि त्या भ्रमात कुठली नदी, कुठला ओढा हे एक झालं होतं. कधी सेनिओचं पाणी, कधी विहिरीचं. पाणी मात्र सतत होतं.

२०२३ साली इटलीतल्या मोंतोने या गावाने मराठा पलटणीचेच यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. घाडगे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ला त्या परिसरात एकट्याने मशिनगनच्या चौकीवर चालून जाऊन ते पडले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. घाडगे आणि आबा जवळपास एकाच वयाचे. बातमी वाचली तेव्हा हेच मनात आलं की घाडग्यांना जी सत्तर वर्षं मिळाली नाहीत तीच आबांना मिळाली, आणि त्यांनी ती रानाला दिली. तो दीड एकर पेरायला दर वर्षी जाणारा माणूस हा हिशोब मनात ठेवूनच जगला, अशी माझी खात्री आहे. ते कधी बोलले नाहीत.

वह्या आता माझ्याकडे आहेत. एकेक पान देवनागरीत उतरवतोय. काकी शेजारी बसते, कारण काही रानांची नावं, काही बैलांची नावं फक्त तिलाच कळतात. १९८३पर्यंत आलोय. पावसाच्या नोंदी वेगळ्या काढून कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना दिल्यात, एका गावच्या इतक्या सलग नोंदी त्यांना कामाच्या वाटतात. खटाव, माण, आटपाडी, जत या पट्ट्यात त्या पिढीचे शेकडो जवान घरी परतले, त्यांतल्या पुष्कळांनी असंच काहीबाही लिहून ठेवलं असणार. कुणाच्या माळ्यावर रोमन अक्षरांतली, कुणालाच वाचता न येणारी अशी वही पडून असेल तर ती रद्दीत घालू नका. मला कळवा. मी येऊन वाचून देईन, मूळ वही तुमच्याकडेच राहील. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा की आपल्या डोंगराला ७३चे बांध कुठे आहेत.